फ्रोजन मटार म्हणजे शिळंच ना? घरी दोन वर्षांचं मूल आहे, आम्ही दोघंही नोकरीला. ताज्या भाजीपेक्षा पोषण आणि चव किती कमी पडते?

प्रश्नातला ‘शिळं’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हाच शब्द मी आमच्या वन्संच्या तोंडून भरल्या पंगतीत ऐकलाय.

लेकीचा साखरपुडा मे महिन्यात ठरला, सोलापुरात, घरच्याच गच्चीवर. ७० माणसं. मसालेभात आणि बटाट्याचा रस्सा मिळून ४ किलो मटारदाणे लागणार होते. शेंगा घ्यायच्या तर निम्म्याहून जास्त वजन टरफलात जातं, म्हणजे ९-१० किलो आणा आणि सोलत बसा. तरी मी लक्ष्मी मंडईत गेले. मे महिन्यात आपल्याकडे मटार कुठला येणार? लांबून, डोंगरी मुलखातून, ट्रकमध्ये दोन-तीन दिवस काढून आलेला, आणि वर सोलापूरचं ऊन. शेंगा पिवळट, दाणा टणक. एक तोंडात टाकून पाहिला तर नुसतं पीठ. मटार तोडला की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, उन्हात तर फारच भराभर. तो ‘ताजा’ मटार तसाच ठेवून मी परत आले आणि पाकिटं आणली. आचारीही म्हणाला, “ताई, या दिवसांत सगळे हेच घालतात.”

पंगत बसली. वन्सं मागं हात धुवायला गेल्या त्या कचऱ्याच्या बादलीतलं रिकामं पाकीट दोन बोटांत धरूनच आल्या. “वैनी, लेकीच्या साखरपुड्याला शिळं वटाणं घातलीस व्हय गं?” विहीणबाई हसल्या. त्या पाकिटाला हसल्या, वन्संना हसल्या की मला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझा घास मात्र तिथंच अडकला. त्याला आता सहा वर्षं झाली.

आता शिळं म्हणजे काय ते बघा. पाकिटातला मटार शेतातून काढला की थोड्याच तासांत कारखान्यात जातो. तिथं मिनिट-दीड मिनिट गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, लगेच गार करतात आणि कडक थंड हवेच्या झोतात दाणा न् दाणा सुटा गोठवतात. पुढं उणे १८ अंशांत ठेवतात. टिकवायला आणखी काही घालावं लागत नाही, थंडीच पुरते. पाकिटावर घटक वाचा. मटार सोडून दुसरं काही लिहिलेलं असेल तर घेऊ नका.

त्या गरम पाण्यात सी जीवनसत्त्व जातं, हे खरं. शंभर ग्रॅम ताज्या मटारात ते ४० मिलीग्रॅमच्या आसपास असतं, फ्रोजनमध्ये त्याच्या निम्मंच धरा. थोडं बी वनही जातं. प्रथिनं, तंतू, लोह यांना फारसा धक्का लागत नाही. पण तो ४०चा आकडा नुकत्या तोडलेल्या शेंगेचा. मंडईत दोन दिवस तापलेल्या शेंगेत तो उरत नाही. आणि सी जीवनसत्त्वासाठी मटार खातंय कोण? पोह्यांवर लिंबू पिळा, मुलाला पेरू द्या. पेरूत शंभर ग्रॅमला दोनशेच्या वर असतं.

वन्संचं म्हणणं, “उकळलं की सत्त्व जातं, मी कच्चाच भरते.” भरतात खऱ्या. दर संक्रांतीनंतर मटार स्वस्त झाला की त्या सोलून तसाच पिशव्यांत कोंबतात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं होतं. पाडव्यापर्यंत दाण्याला कडब्यासारखा वास यायला लागतो, कारण दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, फ्रीजरमध्येही हळूहळू आपलं काम करत राहतात. त्यांना थांबवायलाच ते उकळतं पाणी असतं. दीड मिनिट पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, फडक्यावर कोरडा करून मग पिशवीत. घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो, म्हणून दाणा थोडा सुरकुततो. चालतं.

आणि ज्या वाळवलेल्या गवारीचं आणि हरभऱ्याच्या पाल्याचं वन्सं एवढं कौतुक सांगतात, ते काय झाडावरून थेट ताटात पडतं? उन्हात वाळवलेल्या पाल्यात सी जीवनसत्त्व औषधालासुद्धा उरत नाही. मला ती भाजी आवडते, भाकरीबरोबर लसणाची फोडणी दिलेली कुणीही वाढा, मी खाईन. पण ती सुगरणपणा आणि माझं पाकीट शिळं, हा कुठला न्याय?

चवीचं विचारलंत. जानेवारीतल्या कोवळ्या शेंगेची सर पाकिटाला नाही. भोगीच्या भाजीत मी पाकीट फोडत नाही. उसळ, पुलाव, मसालेभात यांत फरक कळत नाही, फक्त दाणे आधी वितळवू नका, शेवटी थेट घाला. फ्रोजन फ्लॉवर लगदा होतो, भेंडीबद्दल बोलूच नये. मेथी-पालक आपल्याकडे रोज दारावर येतो, तो पाकिटातला घेणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण. टिक्क्या आणि फ्रेंच फ्राइज भाजीत मोजू नका.

सोललेला, डोळ्यांत भरेल इतका हिरवागार मटार सुट्टा विकतात, त्याच्यापासून जपा. पुष्कळदा तो भिजवलेला वाळका वटाणा असतो, रंग दिलेला. पेलाभर पाण्यात अर्धा तास टाकून बघा, पाणी हिरवं झालं तर फेकून द्या.

हां, आणि दुकानात पाकीट हलवून घ्या. दाणे खुळखुळले पाहिजेत. एकच ढेकूळ झालेलं असेल तर मध्ये वीज जाऊन ते वितळलं आणि परत गोठलं, तेव्हा मात्र वन्संचा शब्द लागू.

मुलाचं राहिलंच. दोन वर्षांच्या पोराला दाणा अख्खा देऊ नका, घशात अडकतो. मऊ शिजवून चमच्यानं दाबून द्या, ताजा असो की पाकिटातला.