मुलीचं डोपामाईन आणि पहाटेचे साडेचार

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. सहामाहीत बायोलॉजी सोडून सगळीकडे मार्क घसरले. नीटची तयारी रात्री साडेअकरापर्यंत, पहाटे साडेचारला पुन्हा सुरू. मोबाईल काढून घेतलाय, डोपामाईन वाढावं म्हणून गोळ्याही आणल्यात. तरी परवा दोन तास 'एकच रसायन हृदय मंदावतं आणि हाताचा स्नायू आवळतं, ते कसं?' हेच शोधत बसली होती. न्यूरोसायन्स करायचं म्हणते. रिपीटसाठी कोणता क्लास चांगला?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : बोर्डाची परीक्षा अजून व्हायचीय आणि तुम्ही रिपीटचा क्लास शोधताय! हे तिच्या कानावर गेलं असेल, तर मार्क का घसरले याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. उरलेलं निम्मं झोपेत. या वयाला आठ तास तरी झोप लागते, तुम्ही पाचच देताय. आधी तो गजर बंद करा. गोळ्याही. डॉक्टरांचा उल्लेख पत्रात नाही, तेव्हा त्यांना विचारलेलं दिसत नाही.

डोपामाईन हे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन. ते म्हणजे अभ्यासाचं पेट्रोल, कमी झालं की टाकी भरायची, ही समजूत हल्ली घरोघरी आहे. आयसीयूत रक्तदाब वाढवायला डोपामाईन शिरेतून देतात. त्याने कुणी अभ्यासाला बसत नाही, कारण रक्तातलं डोपामाईन मेंदूत जवळपास शिरतच नाही. म्हणून तर पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा देतात, ते आत जाऊन डोपामाईन बनतं. शिवाय आत असलेलं डोपामाईनही सगळीकडे एकच काम करत नाही. पेशीवर डी-१ प्रकारचा रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणारा रेणू, असेल तर एक परिणाम, डी-२ असेल तर बरोबर उलटा.

तुमच्या मुलीने दोन तास घालवले ते नेमके याच प्रश्नावर. तिचं ते रसायन म्हणजे ॲसिटाइलकोलीन. ते हाताच्या स्नायूवर पोचलं की तिथला रिसेप्टर स्वतःच दार उघडतो, सोडियम आत घुसतं, स्नायू आवळतो. हृदयातला रिसेप्टर वेगळा. तो मध्यस्थामार्फत पोटॅशियमची दारं उघडतो आणि ठोके मंदावतात. अॅट्रोपिन हे औषध दिलं तर हृदयावरचा हा परिणाम अडतो, हात मात्र हलतो. क्युरारे या विषाने हात लुळा पडतो. ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या मंदावलेल्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडून ते मंदावून दाखवलं, आणि १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. पोर्शनबाहेरचं वाचते ही तुमची तक्रार आहे. मला तर अख्ख्या पत्रात आशेची जागा तीच दिसली.

तेव्हा क्लासचं नाव मी देणार नाही. नीट देऊ दे, पण आयसर आणि नायसर या विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षा, आयएटी आणि नेस्ट, याही देऊ दे. नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी आणि मग एमएस्सीसाठीची जॅम ही प्रवेश परीक्षा. पुण्याचं आयसर पाषाणला, तुमच्यापासून जवळच आहे. एक दिवस तिला तिथे घेऊन जा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. खर्चाचं आणि वेळेचं मात्र स्पष्ट बोलून घ्या: पीएचडी धरून या वाटेवर स्थिर पगार हाती यायला बहुधा तिशी येते. ते तुम्हाला झेपणार नसेल तर आत्ताच सांगा, तिसऱ्या वर्षाला नको.

तिने गणित सोडलंय का, हे पत्रात नाही. सोडलं असलं तरी आयएटीच्या पेपरात गणित येतंच, तेवढी तयारी आतापासून लागेल.