फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ‘सुरक्षा आणि पर्यावरण’ खरंच पाळतात का, की नुसत्या पाट्या असतात?

तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, चाकणला एका फोर्कलिफ्ट कंपनीत मुलाखत आहे आणि जाहिरातीत ‘सुरक्षा व पर्यावरणाची जबाबदारी’ असं लिहिलंय. रोजच्या कामात ते कुठे दिसतं, असा तुमचा प्रश्न आहे. मी सोळा वर्षं फोर्कलिफ्टच्या क्वालिटीत आहे, आधी भोसरीला आणि आता चाकणला. त्यामुळे जे हातून गेलंय तेवढंच सांगते.

सगळं वजनापासून सुरू होतं. फोर्कलिफ्ट म्हणजे एक तराजू. पुढच्या चाकांचा आस ही त्याची मूठ. एका पारड्यात फोर्कवरचा, म्हणजे पुढच्या दोन लांब काट्यांवरचा माल, दुसऱ्यात मागचं बिडाचं काउंटरवेट, बॅटरी आणि बाकीचं मशीन. बाहेरून चार चाकं दिसतात, पण मागचा आस मधल्या एका पिनवर झुलतो. म्हणून मशीन खरं तर तीन ठिकाणी टेकलेलं असतं: पुढची दोन चाकं आणि ती पिन. गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर मशीन उभं, बाहेर गेला की आडवं.

प्रत्येक मशीनवर एक क्षमतेची प्लेट असते. तिच्यावर २००० किलो लिहिलं असेल तर शेजारी ५०० मिमी असंही लिहिलेलं असतं, आणि गोदामात तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. ५०० मिमी म्हणजे फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर. समजा पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४५० मिमी आहे. म्हणजे भार आसापासून ९५० मिमीवर आला. आता १.६ मीटर खोलीची पेटी उचलली तर तिचा मध्य ८०० मिमीवर, आसापासून १२५० मिमीवर गेला. गुणाकार-भागाकार करून बघा, तेच मशीन आता १५२० किलोच उचलू शकतं. मशीन तेच, ऑपरेटर तोच, नुसती पेटी लांब निघाली आणि जवळपास पाव क्षमता गेली. हा हिशेब तोंडपाठ करून जा, मुलाखतीत उपयोगी पडेल.

नवीन मॉडेल आलं की ते टिल्टिंग प्लॅटफॉर्मवर चढवतात. मी पहिल्यांदा ही चाचणी पाहिली तेव्हा नोकरीला वर्षही झालं नव्हतं. उलटलंच तर जमिनीवर आदळू नये म्हणून मशीनला ढिल्या साखळ्या बांधलेल्या, फोर्कवर पूर्ण भार, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) शेवटपर्यंत वर. मग प्लॅटफॉर्मची एक बाजू हळूहळू उचलली जाते. ५ टनांखालच्या मशीनला या अवस्थेत पुढच्या दिशेने ४ टक्के उतारावर टिकावं लागतं. ४ टक्के म्हणजे मीटरला ४ सेंटिमीटर, जमिनीवर डोळ्याला जेमतेम कळेल इतका. पण साडेचार मीटर उंचीवरचा भार तेवढ्याने १८ सेंटिमीटर पुढे सरकतो. तेच मशीन, तोच भार, पण माल खाली घेऊन आणि मास्ट मागे झुकवून १८ टक्क्यांवर तपासतात. ४ आणि १८. माल खाली ठेवून चालवा असं आम्ही का बजावत असतो, ते या दोन आकड्यांत आहे. आडव्या बाजूला, माल वर असताना, ६ टक्के. त्या दिवशी प्लॅटफॉर्म वर जात होता तेव्हा शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं, साखळ्यांची किरकिर तेवढी ऐकू येत होती.

एक अपघातही सांगते, कारण त्यानंतर आमचं डिझाइन बदललं. कंपनीचं, गावाचं नाव घेत नाही. एका गोदामात ऑपरेटरने माल वर असतानाच वळण घेतलं आणि मशीन कुशीवर गेलं. त्याने उडी मारली. कुणीही मारेल, ते आपोआप होतं. पण मशीन ज्या बाजूला पडतं त्याच बाजूला माणूस उडी मारतो, आणि डोक्यावरच्या गार्डचा खांब नेमका तिथेच येऊन पडतो. त्याचा पाय गेला. तपासाला मी गेले होते. मशीनमध्ये सीटबेल्टचा स्विच होता, बेल्ट न लावता मशीन चालायला नको होतं. सीट उचलून पाहिली तर बेल्ट सीटच्या मागून नेऊन कायमचा अडकवलेला. बक्कलवर धुळीचा थर इतका जाड होता की बोटाने रेघ उमटली. कित्येक महिने कुणी तो काढलाच नव्हता, आणि स्विचला मात्र वाटत होतं, बेल्ट लावलाय.

त्यानंतर स्विचचं लॉजिक बदललं. आधी सीटवर माणूस बसल्याचं कळलं पाहिजे, त्यानंतर बेल्ट लागला पाहिजे, तरच मशीन हलतं. क्रम उलटा झाला तर जागचं हलत नाही. त्या बदलात वायरिंगला फारसा खर्च नव्हता, कुणाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं एवढंच. हे आपल्याला आधी सुचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. (मशीन कलंडलंच तर बसून राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं. हे तुम्ही नोकरी घेतली नाहीत तरी लक्षात ठेवा.)

फोर्कबद्दल थोडक्यात. फोर्क टाचेत, म्हणजे जिथे तो आडवा वळतो तिथे, झिजतो. मूळ जाडीच्या १० टक्के झिजला, म्हणजे ४० मिमीचा ३६ वर आला, की तो बाद. त्याला वेल्डिंग करायचं नाही आणि भोकही पाडायचं नाही, कारण उष्णतेने त्याची हीट ट्रीटमेंट बिघडते. उचलण्याच्या यंत्रांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करायची, हा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलाय.

आता पर्यावरण. ते वेगळं खातं आहे असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण लिथियम बॅटरीचं उदाहरण घ्या. आमच्या २ टनांच्या इलेक्ट्रिक मशीनमधली शिसे-आम्ल बॅटरी ४८ व्होल्टची असते, २ व्होल्टचे २४ सेल. तिचं वजन पाऊण टनाच्या घरात जातं, आणि हे वजन काउंटरवेटचाच भाग असतं. चार्जिंगच्या शेवटी तिच्यातलं पाणी फुटून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला पाणी घालावं लागत नाही, नेहमीच्या चार्जिंगमध्ये वायू निघत नाही, वीजही कमी वाया जाते. म्हणून गोदामवाले जुनी बॅटरी काढून लिथियम बसवून घेतात, आणि चांगलंच करतात. पण ती निम्म्याहून हलकी असते. कमी झालेलं वजन लोखंडाचे ठोकळे घालून भरून काढलं नाही, तर तराजूचं मागचं पारडं वर येतं. क्षमतेच्या प्लेटवर बॅटरीचं किमान वजनही याचसाठी लिहिलेलं असतं. आमच्याकडे लिथियमच्या प्रत्येक मशीनवर ठोकळ्यांचं वजन काट्यावर घेऊनच मी सही करते. जुनी बॅटरी भंगारात फुंकून टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा होऊन पुनर्वापराला जाईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पेंट शॉप. पूर्वी रंगाआधी प्रत्येक भाग गरम अल्कलीत धुवायचे, मग पाणी, मग फॉस्फेटची टाकी, मग पुन्हा पाणी. या पाण्यात तेल असायचं, साबण असायचा, फॉस्फेट आणि जस्त असायचं. ईटीपीमध्ये, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटमध्ये, चुना घालून धातू खाली बसवतात, गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबतात. त्या गाळाच्या वड्या घातक कचरा म्हणून रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रात जातात. प्रत्येक खेपेची नोंद फॉर्म १० वर.

मी मोशीला राहते. माझी आई दर कार्तिकीला आळंदीला जाते. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना तुम्ही बातम्यांत पाहिला असेल, मी घाटावरून पाहिलाय. आईने पायऱ्यांवर उभं राहून तो हाताने बाजूला केला, खालचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तसंच सोडून दिलं. त्या फेसात घरांचं सांडपाणी आहे आणि कारखान्यांचंही आहे. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर पहिल्यांदा ईटीपीच्या आउटलेटचं रजिस्टर काढून वाचलं. माझ्या विभागाचं ते काम नव्हतं.

पुढे आम्ही फॉस्फेट बंद करून झिर्कोनियमवर आधारित प्रक्रिया आणली. ती खोलीच्या तापमानाला चालते, गाळ खूपच कमी होतो. पहिले दोन महिने मात्र सॉल्ट स्प्रेच्या (मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज तपासायच्या) चाचणीत रंगवलेले नमुना पॅनेल नापास होत राहिले, गंज कडेने शिरायचा. शेवटी दोष धुण्याच्या पाण्यात सापडला, बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं होतं. शुद्ध केलेलं पाणी द्यायला लागलो आणि पॅनेल पास झाले. लिक्विड पेंटच्या जागी पावडर कोटिंग आल्यावर सॉल्व्हंटचा वासही गेला आणि खाली पडलेली पावडर परत वापरता येते. काउंटरवेट इतकं जड असतं की ओव्हनमध्ये तापायला फार वेळ आणि गॅस लागतो, म्हणून त्याला अजून लिक्विडच मारतो.

शॉप फ्लोअर दाखवतील तेव्हा कंपनीचीच मशीन चालवणारा माणूस बघा. त्याचा बेल्ट लागलेला आहे का, रिकामं जाताना फोर्क जमिनीलगत आहेत का. चार्जिंग रूममध्ये वर बघा, एक्झॉस्ट छताजवळ हवा, कारण हायड्रोजन वर चढतो. मास्टखाली तेलाचे डाग दिसले तर विचारा, गळती कुठली आणि ती कुठे लिहितात. ईटीपी बघायची आहे असं सांगा. ताजा उमेदवार हे विचारतो याचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट लगेच दाखवायला नेतात. नेलं नाही तर तेही तुम्हाला कळेलच.

सकाळी ९ ची वेळ असेल तर नाशिक फाट्याहून ७ लाच निघा. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर अडकले की तास जातो. सेफ्टी शूज घालूनच जा, चपलेवर आत सोडत नाहीत.