सिडनीत पहिल्यांदाच येताय? मग एवढं करा

आई-बाबांना घेऊन चार दिवस येताय हे तुमच्या संदेशात वाचून फार आनंद झाला. तुम्ही पाठवलेली ठिकाणांची यादी मात्र अर्धी करा. पहिल्यांदा येणारे एका दिवसात ऑपेरा हाऊस, बाँडायचा समुद्रकिनारा आणि शहराबाहेरचे ब्लू माउंटन्सचे डोंगर कोंबतात आणि सगळा वेळ प्रवासातच जातो.

पहिला दिवस बंदराचा. सर्क्युलर की या धक्क्यावरून मॅन्ली या किनाऱ्यावरच्या उपनगराची साधी सरकारी फेरी (प्रवासी बोट) घ्या, महागड्या क्रूझची गरज नाही. अर्ध्या तासात ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज दोन्ही पाण्यावरून दिसतात. जाताना उजव्या बाजूला, बाहेरच्या बाकावर बसा. परतताना सूर्यास्त गाठा. मला आजही हीच सफर सर्वांत आवडते. फेरीला जाण्याआधी ऑपेरा हाऊसशेजारच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये निवांत फिरा, प्रवेश मोफत आहे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- एकाच कार्डावर सगळ्यांचा प्रवास होत नाही. प्रत्येकाला वेगळं ओपल (इथलं प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड लागतं.
- समुद्रात फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. पाणी शांत दिसलं तरी आतला प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो. यात तडजोड नकोच.
- डिसेंबर-जानेवारीत इथे कडक उन्हाळा असतो. टोपी आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवंच.

ब्लू माउंटन्ससाठी अख्खा दिवस ठेवा. तिथल्या कटुंबा गावापर्यंत रेल्वेने साधारण दोन तास लागतात. बाँडाय ते कूजी ही समुद्रकाठची ६ किलोमीटरची पायवाट सुंदर आहे, पण पायऱ्या खूप. आई-बाबांसोबत वाटेतल्या टामारामा किनाऱ्यापर्यंतच जा.