इम्पोर्टची ओळ राहिली असेल, बघ

अरे, जावाचा प्रोग्रॅम कंपाइल करताना ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ (हे नाव सापडत नाही) अशी एरर दिसली की लगेच कोड पुसू नकोस. आधी स्पेलिंग बघ, मग वरच्या इम्पोर्टच्या ओळी. स्ट्रिंग, मॅथ या क्लासना इम्पोर्ट लागत नाही, त्यांचं पॅकेज (क्लासचा गट) जावा.लँग आपोआप येतं. स्कॅनर, अ‍ॅरेलिस्ट मात्र जावा.युटिलमधून आणावे लागतात.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- पॅकेजची ओळ आधी, मग इम्पोर्ट, मग क्लास.
- जावा.युटिलपुढे * (म्हणजे त्यातले सगळे क्लास) टाकलास तरी आतलं रेजेक्स पॅकेज येत नाही.
- डेट नावाचा क्लास जावा.युटिलमध्येही आहे, जावा.एसक्यूएलमध्येही. एडिटर सुचवेल ते डोळे मिटून घेऊ नकोस. (मी घेतलं होतं, अख्खी संध्याकाळ गेली.)

इम्पोर्ट लिहिलं म्हणजे लायब्ररी आली, असं नाही. त्याने फक्त लांबलचक नाव आखूड होतं. बाहेरची जार फाइल (लायब्ररीचे क्लास एकत्र बांधलेली फाइल) क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधतं त्या जागांच्या यादीत) तुलाच ठेवावी लागते. हे काम आपोआप करणारी मेव्हन, ग्रेडल ही टूल्स सध्या राहू देत.