वाचक विचारतात : मठ्ठा, बर्फ आणि पोटाचे जंतू

प्रश्न : वैशाखात लग्नाच्या पंगतीला मठ्ठा असतोच. दह्यातले जीवाणू रोगजंतूंना मारतात म्हणे. मग मठ्ठा पिऊनही वऱ्हाडाला जुलाब का लागतात? (वाचक, अमळनेर)

उत्तर : दही रोगजंतूंना आवरतं हे खरं, पण ते काम पोटापेक्षा पातेल्यात जास्त चालतं. विरजणातले जीवाणू दुधातल्या लॅक्टोज या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या आसपास उतरला की दही लागतं. हे आम्ल रोगजंतूच्या पेशीत शिरतं आणि तिला आतून आंबवतं. याला मात्र वेळ लागतो. जुलाब लावणारा साल्मोनेला हा जंतू मरायला काही तास, कधी काही दिवस जातात. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचा ओ१५७ हा रोगकारक प्रकार तर आम्ल सोसणारा, फ्रिजमधल्या दह्यात तो दिवसच्या दिवस टिकतो.

पंगतीत पाणी आणि लादीचा बर्फ पडतो ऐनवेळी, आणि पाच मिनिटांत ग्लास हातात येतो. आम्लाला उसंतच मिळत नाही. त्यात गारव्याने त्याचा मारा आणखी मंद होतो. लादीचा बर्फ बहुधा माल गार ठेवण्यासाठी केलेला असतो, पिण्यासाठी नाही.

विरजणातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही वाण निसिन नावाचं जंतुमारक प्रथिन सोडतात. ते लिस्टेरिया या रोगजंतूवर चालतं, पण साल्मोनेला, ई. कोलाय आणि कॉलऱ्याच्या जंतूला बाहेरून एक जादा आवरण असतं. तिथे ते जवळजवळ निकामी.

तेव्हा आचाऱ्याला आधीच सांगा : पाणी आदल्या रात्री खळखळून उकळून झाकून गार करायचं, मठ्ठ्याचं पातेलं बर्फात बसवायचं, बर्फ मठ्ठ्यात टाकायचा नाही. कोथिंबीर-पुदिनाही त्याच उकळलेल्या पाण्याने धुवायचा. वरून भुरभुरलेली न धुतलेली कोथिंबीर सगळी मेहनत वाया घालवते.

प्रश्न : मे महिन्यात दही चार तासांत आंबट होतं, कधी तार सुटते, कधी बुडबुडे येतात. खावं का? (वाचक, भुसावळ)

उत्तर : लॅक्टोकॉकस तिशीच्या आसपासच्या तापमानात खुलतो. पारा ४४ वर गेला की तो मागे पडतो आणि उष्णता सोसणारे, जास्त आम्ल करणारे लॅक्टोबॅसिलस पुढे सरकतात. अर्धा लिटर दुधाला एरवी एक चमचा विरजण लागतं, मेमध्ये अर्धा पुरे. दूध उकळून कोमट होऊ द्या, करंगळी सुखाने बुडवता आली पाहिजे. भांड्याला ओलं फडकं गुंडाळून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, आणि दही लागताच फ्रिजमध्ये.

नुसती तार बहुधा निरुपद्रवी. काही वाण चिकट शर्करा सोडतात म्हणून ती सुटते. बुडबुडे, भोकं, यीस्टचा वास किंवा गुलाबी-काळे ठिपके दिसले तर मात्र दही टाका आणि विरजणही बदला. वायू करणारे भलतेच जीव त्यात शिरलेले असतात. कच्च्या दुधाचं दही लावूच नका : ब्रुसेला हा जनावरांच्या दुधातून येणारा रोगजंतू आंबट होऊ लागलेल्या दुधातही काही काळ तग धरतो.

प्रश्न : खिचडीसोबतच्या कढीत हे जीवाणू उरतात का? (वाचक, शिरपूर)

उत्तर : नाही. कढीला उकळी आली की ते मरतात. चवीसाठी खा.

प्रश्न : लेकराला जुलाब झाले तर प्रोबायोटिकची पुडी द्यावी का? (वाचक, नंदुरबार)

उत्तर : आधी ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं जलसंजीवनी पाणी. लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अंदाजाने घालू नका. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस. प्रोबायोटिकच्या (उपयोगी जिवंत जीवाणूंच्या) पुडीबद्दल सांगायचं तर, २०१८ साली अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, अनुक्रमे ९७१ आणि ८८६ मुलांवर, लॅक्टोबॅसिलस वाणांचा जुलाबावर फायदा दिसला नाही. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबात काही ठरावीक वाण उपयोगी पडतात, पण ते डॉक्टरांनी निवडायचे. सहा महिन्यांखालच्या बाळाला दही नको. शौचात रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना.

मोठ्या माणसांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन चालू असेल तर गोळी ताकासोबत गिळू नका. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते नीट शोषलं जात नाही. गोळीनंतर किमान दोन तासांनी ताक घ्या.