वाचकांचे प्रश्न : अंगणवाडी की नर्सरी?

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. गल्लीतच अंगणवाडी आहे, पण तिथे नुसती खिचडी मिळते, शिकवत नाहीत, असं सगळे म्हणतात. स्टँडमागच्या इंग्रजी नर्सरीतली मुलं एबीसीडी लिहितात. अंगणवाडीत घातलं तर मुलगी मागे पडेल का?

उत्तर : खिचडीला 'नुसती' म्हणू नका. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे 3 ते 6 वर्षांच्या मुलाला नाश्ता आणि गरम जेवण मिळून रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळायला हवीत. शिकवण्याबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण एका अंगणवाडीसारखी दुसरी नसते. तेव्हा ऐकीव गोष्टींवर न जाता एखाद्या सकाळी, न कळवता, तासभर बसून या.

हजेरीपटावर 25 नावं आणि चटईवर 9 मुलं असतील, तर कारण विचारा. ठोकळ्यांचे कोपरे झिजलेले असतील, तर खेळणी रोज कपाटाबाहेर निघतात. कोरी करकरीत असतील, तर ती तपासणीपुरतीच. गोष्ट सांगताना सेविकाताई थांबून "मग पुढं काय झालं असेल?" विचारतात का, आणि मुलं बोलतात का, हे सगळ्यात महत्त्वाचं.

बिघडतं कुठे? सेविकांकडे वजनं, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमधल्या नोंदी असं सगळंच असतं. त्या नोंदींना बसल्या की मुलं मदतनीसताईंवर, आणि त्या स्वयंपाकात. हे रोजचंच झालं असेल तर पर्यवेक्षिकांशी बोला. तोवर सेविकाताईंना विचारून दोघी-तिघी आयांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास गाणी-गोष्टी घ्याव्यात.

एबीसीडीची घाई नकोच. या वयात बोटांचे स्नायू तयार नसतात; जबरदस्तीनं गिरवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. त्याऐवजी मणी ओवणं, शेंगा सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीला आजूबाजूच्या साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभं केलं.

घरी एक करून पाहा. ताटलीत 12 चिंचोके ठेवा आणि "5 दे" म्हणा. 20पर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही पुष्कळदा मूठभर उचलून देतं. एकेक बाजूला सरकवत 5ला थांबलं, तर त्याला संख्या कळली.

प्रश्न : मुलाचा जन्म ऑक्टोबर 2020चा. तो अंगणवाडीतच होता, केजीचा दाखला नाही. पहिलीत घेतील का?

उत्तर : घेतील. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे जून 2026मध्ये तो पहिलीत बसतो. जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला केजीचा दाखला लागत नाही. मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन प्रवेश ठरवायला 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांनाही बंदी आहे. जन्मदाखला मिळायला उशीर होत असला, तरी त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही.