तेवीस रकाने आणि मनगटावरचं घड्याळ

"मॅडम, हसू नका, पण..."

असं कोणी म्हणालं की मी हातातलं पेन खाली ठेवते. त्यापुढे जे येतं, ते त्या माणसानं बरेच दिवस कोणालाही सांगितलेलं नसतं.

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारा एक जण हे तिसऱ्या भेटीत म्हणाला. आला होता झोप लागत नाही म्हणून. वय चौतीस, घरी अडीच वर्षांची मुलगी, नोकरी व्यवस्थित. अकराला अंथरुणाला पाठ टेकतो आणि झोप लागते दोनला. मधले तीन तास काय करता, असं मी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा "काही नाही, पडून असतो" एवढंच उत्तर मिळालं होतं. तिसऱ्या वेळी त्यानं खरं सांगितलं. "फोनची तुलना करत असतो. आहे तो ठेवावा की दुसऱ्या कंपनीचा नवा घ्यावा, हेच ठरत नाही. आठ महिने झाले."

मी हसले नाही, कारण हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, बहुतेक वेळा असाच दुसऱ्या तक्रारीच्या आडून. आणि त्याच्या मागोमाग खरी काळजी येते: एवढीशी गोष्ट मला ठरवता येत नाही, म्हणजे माझं काहीतरी बिघडलंय का? ज्यांना ही काळजी छळते त्यांच्यासाठी त्याची हकिगत लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याच्याकडे आयफोन १३ होता, तीन वर्षं वापरलेला. मनात भरला होता सॅमसंगचा गॅलक्सी एस२४. जानेवारी २०२४ मध्ये तो बाजारात आला तेव्हापासून याचं तळ्यात-मळ्यात सुरू होतं. आम्ही बोलत होतो तो ऑक्टोबर. मधल्या काळात आयफोन १६ येऊन गेला होता आणि पुढच्या गॅलक्सीच्या चर्चा सुरू झाल्या होत्या. त्यानं लॅपटॉप उघडून मला एक एक्सेल शीट दाखवलं. तेवीस रकाने. प्रोसेसर, स्क्रीनचा रिफ्रेश रेट, कॅमेऱ्याचे सेन्सर, वजन ग्रॅममध्ये, प्रत्येकाला गुण आणि प्रत्येक गुणाला वेगळं महत्त्व. काम अतिशय मन लावून केलेलं होतं. मी तसं म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैलावला. आठ महिन्यांत ते शीट पाहणारी मी पहिलीच होते. बायकोलाही ते माहीत नव्हतं.

अशा वेळी दोन्ही फोनचे फायदे-तोटे मांडायला बसणं ही मोठी चूक. तेवीस रकाने असलेल्या माणसाला चोविसावा देऊन काय साधणार? मी त्याला सात दिवसांचं एक काम दिलं. फोननं प्रत्यक्ष अडवलं की तेवढंच कागदावर लिहायचं: वेळ, काय करत होतो, काय अडलं. व्हिडिओत पाहिलेलं किंवा मित्राच्या हातात दिसलेलं त्यात येणार नाही.

पुढच्या आठवड्यात तो पाठकोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा घेऊन आला. मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं, मीटिंगमध्ये बॅटरी १५ टक्के. बुधवार, पाच वाजता, तेच. शुक्रवार, मुलगी झोपाळ्यावर, लांबून फोटो काढला, चेहरा नीट आला नाही. शनिवार, बॅटरी. रविवार, बॅटरी. पाच नोंदी, त्यातल्या चार एकाच गोष्टीच्या. ज्या रिफ्रेश रेटवर त्यानं कित्येक रात्री घालवल्या होत्या, त्याचं नावही कुठे नव्हतं. त्याच्या फोनची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी व्हायची, नव्याची १२० वेळा होणार होती. फरक खराच आहे, शेजारी धरले तर दिसतोही. पण सात दिवसांत त्यापायी त्याचं एकदाही काही अडलं नव्हतं.

तिथेच सेटिंगमध्ये जाऊन आम्ही बॅटरीची कमाल क्षमता पाहिली. ७८ टक्के. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलबद्दल ॲपलच सांगते, की ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता टिकावी अशा बेतानं ती बॅटरी बनवलेली असते. रोज चार्ज होणाऱ्या तीन वर्षांच्या फोननं ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असणार. लिथियम-आयन बॅटरी वापरानं झिजतेच, उष्णतेनं आणखी लवकर, मग कंपनी कोणतीही असो.

मी त्याला म्हटलं, "तुम्ही आठ महिने थकलेली बॅटरी आणि ताजी बॅटरी यांची तुलना करताय. नव्या फोनचे म्हणून जे गुण दिलेत, त्यातले किती नव्या बॅटरीचे आहेत?" तो बराच वेळ गप्प बसला. मग शीटमधला "एकूण समाधान" नावाचा रकाना निवडून त्यानं पुसून टाकला.

फोन ठेवावा की बदलावा हा प्रश्न घेऊन येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची गल्लत इथे होते. आपला फोन आपण दमलेला पाहतो आणि समोरचा खोक्यातून निघालेला. रास्त तुलना हवी असेल तर आपल्या फोनमध्ये मनानं नवी बॅटरी घाला, साठून राहिलेले जुने व्हिडिओ काढून जागा मोकळी करा, आणि मग दोघांना शेजारी ठेवा. त्यानंतरही उणीव राहिली तर ती खरी. त्याच्या बाबतीत अशी एक उरली: झोपाळ्यावरच्या मुलीचा फोटो. आयफोन १३ मध्ये लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स नाही, एस२४ मध्ये तिप्पट झूमची आहे. हा नव्या फोनचा निर्विवाद गुण होता आणि आम्ही तो कागदावर ठळक लिहिला.

मग मी विचारलं, "झोपेचा हिशेब कशावर ठेवता?" त्यानं मनगट पुढे केलं. ॲपल वॉच. रोज सकाळी उठल्याबरोबर तो रात्रीचे तास त्यावर पाहायचा. हात तसाच पुढे ठेवून तो थांबला. ॲपल वॉच गॅलक्सीसारख्या अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, त्याच्या मित्रमंडळींत अशा गोष्टी तोच सगळ्यांना सांगतो. पण तेवीस रकान्यांत हातावरच्या घड्याळाला जागा नव्हती.

असं का व्हावं? माझी समजूत अशी, की शीटमध्ये वस्तू होत्या, तो स्वतः नव्हता. फोन बदलणं म्हणजे नुसती वस्तू बदलणं नाही. घड्याळ निकामी होतं, विकत घेतलेली ॲप तिकडे पुन्हा घ्यावी लागतात, बोटांना लागलेली वळणं मोडतात. व्हॉट्सॲपवरचं जुनं बोलणं तेव्हा आयफोनवरून अँड्रॉइडवर केबलनं नेता येत होतं, पण नवा फोन पहिल्यांदा सुरू करताना. आधी फोन वापरायला घेतला आणि नंतर आठवण झाली, तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. आयमेसेज, म्हणजे आयफोनची स्वतःची संदेशसेवा, बंद न करता सिम काढलं तर काही संदेश जुन्याच फोनकडे जात राहतात. यातलं काहीही अशक्य नाही, एका शांत दुपारचं काम आहे. पण ती दुपार हिशेबात धरायला हवी.

एवढं झाल्यावर निर्णय सोपा व्हायला हवा होता. झाला नाही. पुढच्या भेटीत तो म्हणाला, "बॅटरी बदलली आणि महिन्याभरात वाटलं की नवाच घ्यायला हवा होता, तर?" त्या "तर"मध्ये फोनच्या मानानं फारच मोठी भीती होती.

दोन वर्षांपूर्वी त्यानं एक नोकरी दोन दिवसांत ठरवून बदलली होती. नवी जागा वाईट निघाली, वर्षभर घरात ताण, मग पुन्हा शोधाशोध. कोणी त्याला बोललं नव्हतं, बायकोनंही नाही. त्यानं स्वतःच मनाशी खूणगाठ बांधली होती, की यापुढे पूर्ण माहिती घेतल्याशिवाय काही ठरवायचं नाही. आता फोनच्या बाबतीत पूर्ण माहिती कधी मिळते? दर काही महिन्यांनी नवं मॉडेल येतं आणि शीट अपुरं पडतं. रोज रात्री तीन तास तो त्या जुन्या चुकीची भरपाई करत होता.

हर्बर्ट सायमन या अभ्यासकानं १९५६ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. माणसाला सगळे पर्याय तपासणं शक्यच नसतं. म्हणून तो आधी "एवढं असलं की पुरे" अशी पातळी ठरवतो आणि त्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय घेतो. मला यात मोठा दिलासा वाटतो. "चालेल" म्हणणं हा आळस नाही, मर्यादित वेळ आणि मर्यादित डोकं असलेल्या माणसाचं ते शहाणपण आहे. मात्र पातळी दुकानात जाण्याआधी ठरवावी लागते.

दुसरा एक प्रयोग मी अशा प्रत्येकाला सांगते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या संशोधकांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंपैकी एक स्वतःकडे ठेवायचा होता. काहींना सांगितलं, की काही दिवसांत बदलून घेता येईल. बाकीच्यांना सांगितलं, की आत्ता निवडाल तोच कायमचा. ज्यांना परतीचा रस्ता नव्हता त्यांना आपला फोटो पुढे जास्त आवडला. आणि तरीही विचारलं तर बहुतेकांना बदलायची मुभाच हवी होती. फोन घेऊन झाल्यावरही रात्री तुलनेचे व्हिडिओ पाहणारे लोक मला आठवतात. दार उघडं राहिलं की मन तिकडेच बघत राहतं.

म्हणून आम्ही दार लावायचं ठरवलं, पण कुलूप घालून नाही. कागदावर तीन ओळी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिल्या. नवी बॅटरी घालूनही फोन संध्याकाळपर्यंत पुरला नाही, सुरक्षेचे अपडेट थांबले किंवा घड्याळ बंद पडलं, तर फोन बदलायचा. यातलं काही होईपर्यंत शीट बंद. झूमच्या लेन्सचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "झोपाळ्याजवळ जाऊन काढेन."

त्याची बायको त्या सुमारास एका भेटीला आली. नोकरीच्या त्या वर्षाबद्दल दोघं माझ्यासमोर पहिल्यांदा बोलले. त्या बोलण्यातलं इथे काही लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

कोणी असं समजू नये, की मी सगळ्यांना जुनाच फोन ठेवायला सांगते. त्याच हिवाळ्यात एक बाई आल्या होत्या, त्यांना मी उलट सुचवलं. त्यांच्या फोनचे सुरक्षा अपडेट केव्हाच थांबले होते आणि पैशांचे व्यवहार त्यावरच चालायचे. तरी त्या सोडेनात, कारण दोनदा स्क्रीन आणि एकदा बॅटरी बदलली होती. "इतका खर्च केलाय त्याच्यावर," त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. गेलेला पैसा फोन ठेवला तरी गेलेला आहे आणि बदलला तरी गेलेलाच. हाल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं आहे, की असा बुडालेला खर्च माणसाला पुढेही चुकीच्या वाटेवर ओढत नेतो. मी त्यांना विचारलं, "हाच फोन आज कोणी याच अवस्थेत तुम्हाला फुकट दिला, तर त्यावर बँकेचं ॲप टाकाल?" त्या लगेच "नाही" म्हणाल्या, आणि मग स्वतःच्याच उत्तरानं चकित झाल्या. त्यांना मी फक्त एवढं सांगितलं, की नवा घेताना अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी पाहा. गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे, सगळ्याच फोनना ते मिळत नाही.

त्याच्याशी शेवटचं बोलणं झालं ते जवळपास वर्षभरानं. फोनवरच. घड्याळ मुलीच्या हातून पडून फुटलं होतं, दुरुस्तीत अर्थ नव्हता. तिसरी ओळ लागू झाली, म्हणून त्यानं गॅलक्सी घेतला. किती दिवस लागले ठरवायला, मी विचारलं.

"चार. त्यातले दोन तर सुट्टीचे होते, दुकानात गेलोच नाही."

"आणि झोप? किती तास?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "घड्याळच नाही ना आता. सकाळी मुलगी उठवते."